स्वातीची भाऊबीज, म्हसवड ते औंध

मंडळी, मी सांगतीय, नातसून लिवतीय. चुकलं तर तिचं.

आमच्या नातीचे, स्वातीचे, दोन्ही सख्खे भाऊ मोटरसायकलवरनं पडून गेले. हेल्मेट न्हवतं. भाऊ न्हाईत म्हनून भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची.

आज घरच्यांनी भावांच्या नावानं म्हसवड ते औंध गाड्यांची फेरी काढली. स्वातीनं फेरीला आलेल्या एकेका पोराला ओवाळलं आनि घरनं आनलेलं हेल्मेट डोक्यावर चढवलं.

एक म्हनला, "आज्जी, केस बिघडत्यात."

"गड्या, डोकं ऱ्हायलं तर केस बिघडतील," मी म्हनलं.

दुसऱ्यानं इचारलं, "ताई, ओवाळनी काय घालू?"

"सुखरूप घरी पोच आनि फोन कर," स्वाती म्हनली.

लय मोठ्या काळजाची पोर. दिवं लागल्यावर शेवटचा फोन आला, तवा ती जेवाय बसली.

तुमी घरी पोचला की कुनाला कळवता?