आर्लिसचं बदक आणि वर्लिनच्या गाई

वर्लिन कुद्रना माझा थोरला भाऊ. सख्खा आहे म्हणून बोलते, नाहीतर एवढ्या हेकट माणसासाठी मी तोंड वाजवलं नसतं. नेब्रास्काच्या या वाळूच्या टेकड्यांवर आमच्या वडिलांनी मांसाची गुरं पाळली आणि वर्लिनने पुढे तेच केलं, अगदी जसंच्या तसं. पवनचक्कीपाशी पांढऱ्या मिठाची वीट टाकायची, गुरं चाटतील, विषय संपला. खनिज मिश्रणाचं नाव काढलं की म्हणायचा, "बाबांच्या गाई काय टॉनिक प्यायच्या?"

मग मागच्या शरदातली गाभण तपासणी आली. डॉक्टर होलुब खांद्यापर्यंत हातमोजा चढवून गाईमागून गाय तपासत होते आणि ओरडत होते, "रिकामी! ही पण रिकामी!" आमच्याकडे रिकामी गाय हिवाळ्यात फुकट पोसत नाहीत, ती बाजारात जाते. त्या दिवशी ट्रक गच्च भरला. वर्लिनचं तोंड एवढंसं झालं.

त्यात या शहाण्याने चर्चच्या कॉफीला, सगळ्यांसमोर, टेबलावर हात आपटून सांगितलं, "पुढच्या शरदात पण असंच झालं तर सगळा कळप विकीन आणि शहरात फिलिसच्या शेजारी फ्लॅट घेऊन बसेन!"

फिलिस म्हणजे आर्लिसची, माझ्या वहिनीची बहीण. तिच्याकडे सोफ्यावर प्लॅस्टिक असतं आणि बोलणं थांबत नाही. आर्लिस पांढरीफटक पडली. घरी येताना गाडीत मला म्हणाली, "अगं, गाई गेल्या तर हा माणूस खुर्चीत बसून मरेल. आणि फिलिसच्या शेजारी मी त्याच्याही आधी मरेन."

वर्लिन शब्दाला मात्र पक्का. म्हणून आधी डॉक्टरांना विचारायला गेला. ते म्हणाले, "तुमच्या गवतात तांबं कमी, जस्त कमी. मिश्रण घाला. आणि बाकीचं सगळं मीठ उचला. मिश्रणात मीठ असतं; गाय येते ती मिठाच्या ओढीने, तांब्यासाठी नाही. मीठ दुसरीकडे मिळालं तर ती मिश्रणाला तोंड लावणार नाही."

वर्लिनने सगळ्या विटा उचलल्या. पण हे बायकोला सांगावं? छे! चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस जेवायला काय हवं तेसुद्धा बोटाने दाखवतो.

पहिलं मिश्रण आणून टबात ठेवलं. गाई टबाकडे बघून निघून गेल्या. दुसरं आणलं, त्यात काकवी होती. वास घेतला आणि गेल्या. वर्लिनने बोट बुडवून स्वतः चाखलं. "बरं लागतंय की!" म्हणाला आणि दिवसभर राखाडी जीभ घेऊन फिरला. तिसरं आणलं, सगळ्यांत महाग. त्याच्यावर चिमण्या बसल्या, बस्स.

"माझ्या गाईंचीच जात नतद्रष्ट," तो मला म्हणाला. वळू सोडायचे दिवस जवळ आले होते. आवाज असा पडला होता की मला त्याच्यावर ओरडवेना. म्हटलं, चल, बघू तरी या महाराण्या दिवसभर करतात काय.

गाई देवदारांच्या झुडपामागे रांग लावून उभ्या होत्या. मध्ये तारेने खुंटाला बांधलेली मिठाची वीट, आणि तिला जीभ लावून आमची डोलोरेस, एका शिंगाची लाल गाय. चाटून चाटून विटेला बदकासारखं गोल पोट आलं होतं, वर शेपटी उठली होती.

"हे काय आहे?" वर्लिन किंचाळला.

मी लगेच ओळखलं. आमच्या चर्चच्या जत्रेत दर शरदात गुरांनी चाटलेल्या विटा मांडतात. ज्याची वीट सर्वांत सुंदर, त्याला निळी फीत. आर्लिस आयुष्यभर दुसरी आली होती, आणि ही वीट तिचीच.

घरी जो तमाशा झाला तो विचारू नका.

"मीठ ठेवायचं नव्हतं, आर्लिस!"

"मला सांगितलंस?"

"तू विचारलंस?"

"तुला विचारायचं कसं? तू उत्तर देतोस तरी का रे, बैला?" मग तिला सगळं समजलं आणि ती मटकन खाली बसली. "म्हणजे मीच आपल्याला फिलिसकडे धाडत होते?"

ती स्वतः गेली, तार कापली आणि बिनमानेचं बदक छातीशी धरून घेऊन आली. गोठ्यामागच्या कुंपणात ठेवलं आणि त्याच्याकडे परत बघितलं नाही. मला फार वाईट वाटलं. तिकडे गाईंनी टब असा साफ केला की वर्लिन येताजाता टबाला थोपटायला लागला.

फक्त डोलोरेस ऐकेना. टबाकडे ढुंकून बघायची नाही. रोज कुंपण मोडायची आणि बदकाला चाटत उभी राहायची. वर्लिन कुंपण बांधायचा, शिव्या द्यायचा, ती पुन्हा मोडायची. उन्हाळा संपेपर्यंत बदकाला मान आली, चोचसुद्धा आली. जत्रेत आर्लिसला निळी फीत मिळाली. ती अजून फ्रिजवर लावलेली आहे.

जत्रेनंतर तपासणी. मी फाटकावर होते. रिकामी आली तर ट्रककडे, गाभण असली तर कुरणाकडे. डॉक्टर ओरडत होते, "गाभण! गाभण!" आर्लिस कोलाचींचं, फळं भरलेल्या गोड पावांचं, ताट धरून उभी होती, पण ते खाली ठेवायचं तिला सुचत नव्हतं. वर्लिनची पाठ हळूहळू सरळ होत गेली.

शेवटी डोलोरेस आली. डॉक्टरांनी हात बाहेर काढला. "रिकामी. मिश्रण खाल्लं नव्हतं का हिने?"

आर्लिसने मान वळवली. मी ट्रककडचं फाटक उघडायला गेले, तर वर्लिनने माझा हात बाजूला केला आणि कुरणाचं फाटक उघडलं.

"अरे, रिकामी आहे ती!"

"ऐकलं मी."

"जन्मात कधी रिकामी गाय ठेवली नाहीस तू!"

"तिचं काम वेगळं आहे," तो म्हणाला. मग त्याने खिशात हात घातले आणि बायकोकडे न बघता, पण तिलाच, सांगितलं, "आर्लिस, पुढच्या वर्षीची वीट घरामागेच ठेव. हिच्या एकटीसाठी. मी आधीच सांगून ठेवतोय."

आर्लिसने ताट माझ्या हातात कोंबलं आणि डोळे पुसत घरात गेली.