लग्नातला आमसुली कोट

माझं लग्न ठरलं तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. संक्रांतीनंतरचा मुहूर्त निघाला, सकाळी आठ वाजून काही मिनिटांचा. जागा म्हणजे जयपूरच्या मुरलीपुऱ्यात नवऱ्याच्या घरापुढचं अंगण. माणसं तीसेक. तो कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो, उघड्यावर वावरायची त्याला सवय आहे. मी भूलतज्ज्ञ. वीस वर्षं ऑपरेशन थिएटरच्या एसीत काढूनही मला थंडी सोसत नाही, बोटांची टोकं पांढरी पडतात. त्यामुळे लग्नात काय घालायचं हा माझ्यापुरता आधी तब्येतीचा प्रश्न होता. पण आपण छान दिसावं असंही मला वाटत होतं, आणि हे आईला सांगायला मला दोन दिवस लागले.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. वडिलांची बँकेतली बदली झाली म्हणून आम्ही साताऱ्याहून जयपूरला आलो आणि इथलेच झालो. वडील गेल्यावर आदर्श नगरच्या घरात आम्ही दोघीच होतो.

"पैठणी नेसायची, वर शाल घ्यायची. त्यात काय एवढं?" आई म्हणाली.

"हार घालताना शाल पडते."

"मग पिन लाव."

तरी एका रविवारी ती माझ्याबरोबर सी-स्कीममधल्या एका मोठ्या दुकानात आली. गादीवर बसवून चहा दिल्यावर तिथल्या बाईंनी विचारलं, "दुल्हन साथ नहीं आई?"

"यही है," आई म्हणाली. तिचं हिंदी तोकडं आहे, पण त्या दिवशी ते पुरलं.

बाईंनी पटकन चेहरा सावरला आणि राखाडी, फिकट गुलाबी असे कपडे काढले. वधूच्या आईला शोभतील असे. मी लग्नातलेच दाखवा म्हटल्यावर जाळीचे घागरे आले, पाठ उघडी, बाह्या नावापुरत्या. मखमलीचा एक घागरा अंगाला लावून पाहिला. उबदार होता, पण इतका जड की तो घालून सात पावलं चालणंही कठीण झालं असतं. थंडीचं विचारलं तेव्हा बाई हसून म्हणाल्या, "दुल्हन को ठंड नहीं लगती, मैडम."

परत येताना आम्ही ऑटो केली. घराजवळ आल्यावर आई म्हणाली, "त्या बाईला वाटलं, लग्न तुझ्या मुलीचं आहे." मी हसले. ती हसली नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे शिंपी आहेत. पुरुषांचे बंद गळ्याचे कोट शिवतात, वडिलांचेही त्यांनीच शिवले होते. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून येताना मी त्यांच्याकडे गेले आणि लग्नात साडीवर घालायचा लोकरी कोट शिवाल का, असं विचारलं. बायकांचं शिवत नाही, ते म्हणाले. मग कुणाची शादी, असं त्यांनी विचारलं. माझी, म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि आतून सुनेला हाक मारली. मापं तिने घेतली. ती आकडे सांगत होती, ते भिंतीकडे तोंड करून लिहीत होते.

कापड निवडायला आई आली, कारण मी रंग कुठला निवडेन याची तिला खात्री नव्हती. मी काळ्या लोकरीवर हात ठेवला.

"काळं संक्रांतीला," आई म्हणाली. "लग्नात नाही."

शेवटी आमसुली ठरला. शिंपीजींनी सुचवलं की अस्तरात पिंजलेल्या कापसाचा पातळ थर घालू, इथल्या रजईत असतो तसा, म्हणजे जाड न होता ऊब राहील. मला ते पटलं. आई मात्र म्हणाली, "बाप्यांचा शिंपी आणि रजईचा कोट. कर काय करायचं ते."

पहिल्या ट्रायलला कोट अंगावर छान बसला. खांदे सरळ, गुडघ्याखालपर्यंत लांब. आरशात मी स्वतःकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तेवढ्यात आई उठली, टेबलावरची माप घ्यायची टेप उचलून माझ्या हातात दिली आणि समोर ताठ उभी राहिली. "घाल हार."

मी हात उचलले. ते खांद्याच्या वर जाईनात. काखेत कापड ओढलं गेलं आणि टेप आईच्या नाकाला लागली. सून तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. शिंपीजी अजिबात हसले नाहीत. त्यांनी खडूने खुणा केल्या, काखेत कळी, म्हणजे जादा कापडाचा तुकडा, घालायचं ठरवलं, आणि निऱ्या चुरगळू नयेत म्हणून कोट कमरेपासून खाली उघडा ठेवला. आईने चार दिवसांनी पुन्हा तशीच परीक्षा घेतली, आणि मी पास झाले.

लग्नाच्या सकाळी धुकं इतकं होतं की अंगणाचं फाटकही नीट दिसत नव्हतं. नवरा रेशमी कुर्त्यात कुडकुडत होता. मी पैठणी, मुंडावळ्या आणि वर कोट अशी येऊन पाटाशी उभी राहिले. मराठी गुरुजी आईनेच खटपट करून शोधले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोट काढावा लागेल. शिवलेलं वस्त्र विधीला चालत नाही."

मी पहिल्या बटणाला हात घातला. बोटं बधिर होती, बटण निघेना.

"गुरुजी," मागून आई म्हणाली, "ब्लाउज काय विणलेला असतो? सुरू करा, मुहूर्त टळेल."

गुरुजींनी अंतरपाट धरायला सांगितला. अक्षता पडल्या, मी हार घातला. हात सहज वर गेले. सप्तपदी होईपर्यंत ऊन आलं आणि मला चक्क घाम फुटला, पण तेव्हा कोट काढायची माझी हिंमत झाली नाही.

मला वाटलं होतं, आईला कोट आवडला. फोटो आले तेव्हा तिने ते एकेक करून पाहिले. "पैठणीचा पदर कुठेच दिसत नाही," ती म्हणाली. "एवढा मेला मोरांचा, आणि दिसतंय काय तर बटणं." अजूनही कुणी फोटो मागितले की ती हेच सांगते. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. मी साडी पुन्हा नेसून एक फोटो काढू का, असं विचारलं होतं. ती म्हणाली, "आता काय उपयोग?"