अशोकभाऊंच्या पाच खुर्च्या

त्या सकाळी मारेगावच्या आमच्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग एवढी होती, की शेवटची गाडी बहुधा यवतमाळात उभी असावी. मी वजनकाट्यावर बसून ड्रायव्हर लोकांना थापा मारत होतो. तेवढ्यात अशोकभाऊंच्या घरून वहिनींचा फोन आला. "गजाननभाऊ, हे उठून नाही राह्यले..." मी म्हणालो, "वहिनी, तोंडावर पाणी मारा, थकले असतीन." त्या रडायला लागल्या. मग कळलं, भाऊ गेले. दीड महिना झाला, पण मी अजून ते पाण्याचं बोलणं परत घेतलेलं नाही.

अशोकभाऊ आमचे कॉम्प्युटरवाले. मूळ बोरी अरबचे. आवाज इतका हळू, की मुंगीनंही कान पुढं करावा. काट्यावरचं वजन, कापसाचा भाव, गाठींची नोंद हे सगळं ज्या एका सर्व्हरमध्ये जमा होतं, तो सांभाळणं त्यांचं काम. वणीच्या साडूकडे आठ कोअरचं मशीन आहे म्हणून आमच्या शेठनी एकदा सोळा कोअरचं आणलं आणि जावई आणल्यासारखा त्याला हार घातला. अशोकभाऊंनी कपाळाला हात लावला. "शेठ, मशीन तुमचं. पण आतलं डेटाबेसचं सॉफ्टवेअर विकत भेटत नाही, वापराचं लायसन भेटते. कंपनी एक तं चुली मोजते, नाही तं जेवणारे मोजते."

"चुली म्हंजे?"

"मशीनचे कोअर, म्हंजे आतमधले काम करणारे भाग. आपण जेवणारे पाच असलो तरी सोळाही चुलीचे पैसे."

"मंग बाकीच्या विझव ना बावा!"

"विझवल्या तरी मोजतेत."

शेठ तीन दिवस त्या मशीनशी बोलले नाहीत. शेवटी अशोकभाऊंनी माणसांच्या हिशेबानं पाच लायसन घेतली, आणि एका वेळी पाचच्या वर कोणी सॉफ्टवेअरमध्ये शिरू नये म्हणून सर्व्हरच्या खोलीत पाच खुर्च्या मांडल्या. निळ्या, प्लास्टिकच्या, पाठीवर रंगानं आकडे. ज्याला काम असेल त्यानं खुर्चीवर बसूनच आत शिरायचं, झालं की "उठलो!" म्हणायचं, मग कोपऱ्यातून अशोकभाऊ म्हणत, "बसा पुढचे." माझं "उठलो" कोळशाच्या खाणीत ऐकू जायचं. मी तर गावभर उठवलं होतं, की खुर्च्यांना तार जोडली आहे, सहावा बसला की अमेरिकेत भोंगा वाजतो. एका व्यापाऱ्यानं अख्खा हंगाम आमच्याकडे उभ्यानंच चहा घेतला. अशोकभाऊ हसत. मला म्हणत, "गजू, तू खोटं बोलतं, पण नियम बरोबर सांगतं."

नियमच चुकला होता...

यंदाच्या हंगामात कंपनीचं पत्र आलं : सर्व्हर वापरणाऱ्यांची यादी पाठवा. सोबत अटींचं बाड. ते त्यांनी दोन दिवस वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डबा न उघडताच काट्यावर माझ्याजवळ येऊन बसले. "गजू, मी पंगत मोजली रे. एका वेळी पाच बसले म्हंजे पाच, असं धरलं. हे तं जेवून गेलेला हरेक माणूस मोजतेत. ज्याच्या नावानं आत शिरता येते, तो हरेक. बावीस झालो आपण." शेठला त्यांनी शब्द दिला होता, की आपल्याकडे चोरीचं काही नाही.

शेठनी ऐकलं आणि हात झटकले. "पाचच लिही. कोण पाह्यला येते इथं?"

"मी बावीस लिहीन, शेठ."

"मंग यादीवर सही दुसऱ्या मालकाची घेजो. अन् कामही दुसरीकडे पाह्यजो."

त्या दिवसापासून ते माझ्या मागे लागले. "गजू, तू बोल ना शेठशी. तुह्यं ऐकतेत ते. मी चोर नाही, चुकलो, एवढंच सांग." शेठ माझ्यावर हसतात, हे खरं. हसता हसता ऐकतात, हेही खरं. पण त्यांच्या केबिनीत गेलो की माझ्या तोंडून गोष्टच निघे. कधी वाघाची, कधी साडूची. शेठ हसत, मी हसत बाहेर येई, आणि दारात अशोकभाऊ उभे असत. "बोलला?" "उद्या बोलतो, भाऊ." असे सात उद्या झाले. हा आकडा मी फुगवलेला नाही. आठव्या सकाळी वहिनींचा फोन आला.

अशोकभाऊंच्या टेबलाच्या खणात यादी सापडली. बावीस नावं, सुबक अक्षरात. पहिलं त्यांचं, दुसरं माझं. खाली एक ओळ : 'समजण्यात चूक माझी, शेठची नाही.' मी ती शेठपुढे ठेवली आणि त्या दिवशी मला एकही गोष्ट आठवली नाही. म्हटलं, "शेठ, ते चोर नव्हते. चुकले." बस, एवढंच. पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही... शेठनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सही केली. मग हळूच म्हणाले, "पहिलं नाव काप. गेलेल्याचं लायसन लागत नाही." पेन माझ्याच हातात होता. मी कापलं.

आता आमची एकवीस लायसन आहेत. वाटेल त्यानं वाटेल तिथं बसून काम करावं, बंधन नाही. कापसाच्या नव्या शेडसाठी ठेवलेले पैसे तिकडे गेले, शेठ अजून कुरकुरतात. तरी सगळे त्या पाच खुर्च्यांवरच बसतात, बाकीचे भिंतीला टेकून थांबतात. कोणी सांगितलं नाही, कोणी मोडलंही नाही. काल माझं काम झालं. मी नेहमीसारखा ओरडलो, "उठलो!" पाठीमागे तिघं उभे होते, कोणी पुढं आलं नाही. सगळे कोपऱ्याकडे पाहत होते. मीही पाहत होतो. "बसा पुढचे" आलं नाही, म्हणून मीच पुन्हा खाली बसलो.