मोरिता-सानांचा शेवटचा मतदारसंघ

"काय अडचण आहे?" हे मोरिता-सान लोकांना सुप्रभातच्या ऐवजी विचारत. टोकियोतल्या हिगाशी-कसाई भागात, आमच्या इमारतीखाली, कचरा ठेवायच्या जागेपाशी, ते सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून उभे असत आणि पिशवी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला अडवत. जपानमध्ये असं कुणी कुणाला विचारत नाही. इथे हार्ट अटॅक आलेला माणूससुद्धा आधी शेजाऱ्याची माफी मागतो. त्यामुळे जपानी बायका त्यांना लांबून पाहून दुसऱ्या जिन्याने उतरत. मी मात्र पहिल्याच दिवशी थांबले आणि घसरगुंडीजवळचा दिवा लागत नाही म्हणून सांगितलं. चार दिवसांत दिवा लागला. पुण्यात माझ्या बाबांनी गल्लीतल्या दिव्यासाठी नगरसेवकाकडे तीन वर्षं खेटे घातले होते, त्यामुळे मी तिथल्या तिथे मोरिता-सानांची मतदार झाले.

नगरसेवकाची पायरी त्यांनी कधीच मागे टाकली होती, हे मला नंतर कळलं. ब्राझीलमधल्या एका अवाढव्य शहराचे ते दोनदा महापौर होते आणि नंतर केंद्रात नगरविकास मंत्री. आजोबा जपानहून कॉफीच्या मळ्यांवर मजुरीला गेलेले. नातू ड्रेनेज खात्यात इंजिनियर म्हणून चिकटला आणि तुंबलेल्या वस्त्यांत गुडघाभर पाण्यात उभं राहून लोकांशी बोलता बोलता निवडून आला. महापौर झाल्यावर त्यांनी बसगाड्यांना वेगळा रस्ता दिला, मोटारवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि तरी पुन्हा निवडून आले. मग पक्षाने त्यांना राजधानीत नेलं. "महापौराला लोक रस्त्यात गाठून शिव्या देतात," ते म्हणत. "मंत्र्याला सेक्रेटरी कुणाला गाठूच देत नाही. माणूस तिथे नासतो." दीड वर्षात मंत्रिपद गेलं. पुढच्या निवडणुकीत त्यांच्याच शहराने त्यांना पाडलं, आणि ज्यांना त्यांनी राजकारणात आणलं होतं त्यांनी फोन उचलणं बंद केलं. बायको गेल्यावर ते टोकियोत नोकरी करणाऱ्या मुलीकडे, लुसियाकडे, राहायला आले.

माझ्याशी ते मोडक्या इंग्रजीत बोलत. जपानी त्यांना येत होतं, पण ते आजोबांचं, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यातलं. मेट्रोला ते 'किशा' म्हणत; किशा म्हणजे कोळशाची आगगाडी. माझी मुलगी ईरा त्यांना आजोबा म्हणून 'जीजी' म्हणायची आणि खिदळत सुधारायची, "जीजी, किशा नाही, देन्शा! विजेची!" चेहरा जपानी, भाषा आजोबांच्या काळातली आणि आवाज जाहीर सभेतला, अशा माणसाचं काय करायचं हे इथल्या लोकांना समजत नसे. आम्हाला निदान परदेशी म्हणून माफी होती. त्यांना तीही नव्हती.

खालच्या हॉलमध्ये आम्ही चार-पाच जणी दर रविवारी मुलांची मराठी शाळा घेत होतो. बाराखडी फार मोठ्याने म्हणतात, अशी तक्रार सोसायटीकडे गेली. सोसायटीला इथे जिचिकाई म्हणतात. तिचे अध्यक्ष हायाशी-सान हे बँकेतून निवृत्त झालेले, मधाळ बोलणारे गृहस्थ. आमचं म्हणणं त्यांनी वाकून वाकून ऐकून घेतलं, "विचार करू" म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी नोटीस लागली की हॉल रविवारी बंद. मोरिता-सान असे भडकले की मीच घाबरले. "ईराला तुमचा तो 'ळ' कोण शिकवणार? हायाशी?" त्यांनी जाहीर केलं की यंदा अध्यक्षपदाला ते उभे राहणार. आमच्याकडे या पदाला कुणी उभं राहतं हेच कुणाला माहीत नव्हतं. जुना माणूस पुढे चालू राहायचा आणि बाकीचे सुटलो म्हणायचे.

मग प्रचार. एके काळी लाखोंनी मतं घेतलेला हा माणूस शे-सव्वाशे घरांसाठी जिने चढायला लागला. वीस-बावीस मराठी घरं त्यांनी आपली धरली होती. "नमाश्कार, मी मोरिता, काय अडचन?" एवढं मराठी माझ्याकडून घोकून घेतलं होतं. प्रत्येक घरी चहा झाला, चिवडा झाला, आणि मत मागितल्यावर प्रत्येक घराने सांगितलं, "बघू हं." त्यांनी मला विचारलं, "बघू म्हणजे हो ना?" मी म्हटलं, "विचार करतील." खरा अर्थ सांगायला माझी जीभ रेटेना.

घरात माझ्या नवऱ्याची, संदीपची, वेगळीच टकळी. "मेघना, ते आजोबा ग्रेट आहेत, मान्य. पण आपलं पीआर अप्लाय केलंय. कायमचं राहायचंय इथे. जिचिकाईशी पंगा कशाला? उद्या कुणी कम्प्लेंट टाकली तर?" आणि मग एक दिवस सायकल स्टँडवर हायाशी-सान भेटले. दिवाळीला हॉल लागेल ना, म्हणाले. वातावरण शांत राहिलं तर सोयीचं होईल. भारतीय मंडळी कामात असतात, सभेला यायचा त्रास कशाला, असं म्हणत त्यांनी माझ्या हातात इनिन्जोचा गठ्ठा ठेवला.

इनिन्जो म्हणजे सभेला न येणाऱ्याने द्यायची मुखत्यारीची चिठ्ठी. आपलं मत कुणाला सोपवायचं त्याचं नाव तिच्यात लिहायचं. नाव कोरं सोडलं तर मत आपोआप अध्यक्षाकडे जातं. हे तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते मला वाचता येत होतं; मी कावासाकीच्या एका कंपनीत भाषांतराचंच काम करते. बाकीच्या जणींना येत नव्हतं. "इथे सही कर, बाकी कोरं राहू दे," असं सांगत मी दारोदार फिरले. माझ्याबरोबर शाळा घेणाऱ्या वैशालीने विचारलं, "अगं, हे मोरिता-काकांसाठीच ना?"

मी म्हटलं, "सभेसाठी आहे."

सभेत मोरिता-सान दहा मिनिटं बोलले, आजोबांच्या जपानीत. हॉल कुणाचा, मुलं कुणाची, असं काहीबाही. कुणी हसलं नाही, कुणी मान वर करून पाहिलंही नाही. त्यांच्यासाठी तीन हात वर झाले: त्यांचा, लुसियाचा आणि तळमजल्यावरच्या एका म्हातारीचा. मी चहाच्या कपांपाशी उभी होते. माझंही मत चिठ्ठीनेच गेलं होतं. हायाशी-सानांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. मोरिता-सानांनी तो मागून घेतला आणि एकेक चिठ्ठी उलटून पाहिली. घर नंबर सगळीकडे माझ्या अक्षरात होते. त्यांनी कडा जुळवून गठ्ठा परत ठेवला आणि हायाशी-सानांचं दोन्ही हातांनी अभिनंदन केलं.

दिवाळीला आम्हाला हॉल मिळाला, चार ते सहा, पणत्या न लावण्याच्या अटीवर. रविवारची शाळा सुरू झाली नाही ती नाहीच. आमचं पीआर मंजूर झालं, आणि त्याचा जिचिकाईशी काडीचाही संबंध नव्हता. लुसियाने कावासाकीत घर घेतलं तेव्हा मी चकल्यांचा डबा घेऊन निरोपाला गेले. मोरिता-सान पुस्तकं खोक्यात भरत होते.

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"तुमचा 'बघू' मला पहिल्याच दारात कळला होता," ते म्हणाले. "आमच्याकडे त्याला 'व्हामोस व्हेर' म्हणतात. मी मंत्री असताना नदीकाठच्या वस्तीतले लोक यायचे. मला महापौर त्यांनीच केलं होतं. त्यांच्या घरांवरून हायवे जाणार होता. दीड वर्ष मी त्यांना 'व्हामोस व्हेर' म्हणत राहिलो, आणि शेवटी कागद माझ्याच सहीने सुटला. घरं पाडली त्या दिवशी वाटलं, आता काही आपल्याला झोप येत नाही. आली. तुम्हालाही येईल, मेघना-सान. वाईट तेच असतं."

त्यांनी डबा घेतला, आभार मानले आणि पुन्हा पुस्तकं भरायला लागले. त्यांनी पुन्हा वर पाहिलं नाही.

फेब्रुवारीत लुसियाचा मेसेज आला. न्यूमोनियाने गेले. अंत्यविधी कावासाकीतच होता, माझ्या ऑफिसपासून दोन स्टेशनांवर. त्या दिवशी एक भाषांतर द्यायचं होतं. अर्धी रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही. ब्राझीलहून कुणीच आलं नव्हतं, असं लुसियाने नंतर कळवलं.

त्या रात्री तरी झोप लागणार नाही, असं मला वाटलं होतं. लागली.