अण्णांचा चेहरा आणि तुळशीची पानं

आमच्या मेडिकलच्या चौथ्या लोगोनं माझ्या धडधाकट वडिलांना मारलं.

पहिला लोगो आजोबांचा, काठीला विळखा घातलेला नाग. गावी, करकंबच्या दुकानात, बाया त्याला हळदकुंकू वाहायच्या आणि औषध न घेताच परत जायच्या! मग वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सोलापुरातल्या सात रस्त्याच्या दुकानावर खलबत्ता काढला, तर लोक काळ्या तिखटाचा भाव विचारू लागले. तिसरी हिरवी फुली. तिला कुणी नावं ठेवली नाहीत, म्हणूनच मला ती खटकली. (मी शिकलेला आहे ना!)

जुळे सोलापूरला तिसरं दुकान काढलं तेव्हा अण्णा म्हणाले, "लोगो तू कर. जमला तर तिन्ही दुकानं तुजी." आणि महिनाभर करकंबला जाऊन बसले.

मी अण्णांचाच चेहरा घेतला. कृष्णधवल, भारदस्त दिसावा म्हणून. भोवती तुळशीच्या पानांचं कडं, मागून दिवा, खाली ओळ: 'सदैव तुमच्यासोबत'.

बोर्ड लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून काहीतरी विचित्र घडायला लागलं. गिऱ्हाइकं चपला बाहेर काढायची, कुजबुजत गोळ्या मागायची. वीज गेली की इन्व्हर्टरवर अण्णांचं नुसतं डोकं रस्त्यावर तरंगायचं. एका सकाळी बोर्डाखाली झेंडूची फुलं! कुणीतरी करणी केली, असं वाटून मी लिंबूमिरची बांधली.

त्याच संध्याकाळी जुन्या गिऱ्हाईक शेवंतामावशींनी माझा हात धरला. "लई वाईट झालं बाळा. देवमानूस हुता."

"कोण?"

मावशींनी बोर्डाकडं बोट केलं. एवढ्यात वीज गेली, आणि मागून आवाज आला, "काय मावशी, बीपी बरा हाय का?"

दारात पांढऱ्या कपड्यांतले अण्णा! मावशी मटकन खाली बसल्या. दोघंजण खोकल्याचं औषध टाकून पळाले. आणि सगळ्यांत मोठी किंकाळी माझी होती!

मावशींना पाणी पाजून मी म्हणालो, "अण्णा, उद्याच बोर्ड उतरवतो."

"ऱ्हाऊ दे की. वाटंत चार जनांनी वळखलं न्हाय मला. माज्याबद्दल लई चांगलं बोलत हुते."

मी फुललो. "मग दुकानं माझी?"

"त्याबद्दल बी बोलत हुते. म्हातारा गेला, आता पोरगं साऱ्या दुकानांचं वाटुळं करतंय म्हनं." अण्णा गल्ल्यावर ऐसपैस बसले. "म्हनून ठरीवलंय, आपुन मरायचंच न्हाय."