देवीच्या पायाशी नवी अक्षरं

चंदनाला कोणी 'जरा' म्हणालं की तिचं टाळकंच सटकतं. जरा नक्षी घाल, जरा जुळवून घे! पिढ्यान् पिढ्या बंगळुरात मुरलेल्या मराठी घरातली ही पोरगी बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात अक्षरं घडवते. गाडीच्या पडद्यावर, गेमच्या पोस्टरवर असतात तसली, उद्याच्या जगातली. नुसती वर्तुळं आणि सरळ रेघा, जाडी सगळीकडे सारखी, शेपूट नाही की वेलबुट्टी नाही.

ऑफिसला ही अक्षरं फक्त इंग्रजीत हवी होती. "मराठीत कोण भविष्य विकत घेतंय?" म्हणून साहेब हसला. झालं, बाई इरेला पेटल्या! रोज घरी येऊन तिने मराठी अक्षरं काढायला घेतली. 'श' काही केल्या वर्तुळात बसेना, 'ळ' बसला तो चष्म्यासारखा दिसायला लागला. खोडलं, पुन्हा काढलं, पण तडीस नेलं. आणि लग्न ठरल्यावर पत्रिका त्याच अक्षरांत छापून आणली.

घरात गहजब! त्यांच्यात पहिली पत्रिका बनशंकरीच्या देवळात, देवीच्या पायाशी ठेवतात, तीही घरातल्या थोरल्यानं. त्याआधी दुसरी वाटायची नाही. आणि थोरले त्रिविक्रमकाका पत्रिकेला हात लावायला तयार नव्हते.

"मोबाइलच्या खोक्यावर असतं तसलं हे! देवीला वाचता तरी येईल का?"

"तुम्हाला आलं की," चंदना म्हणाली.

तिचे वडील विठोजी मधे पडले. "स्वल्प, जरा ऐक गं. देवीची वरची ओळ तेवढी जुन्या अक्षरांत घालू, खाली सगळी तुझी. सरी ना, दादा?"

काका कसेबसे 'सरी', म्हणजे बरं, म्हणाले. चंदना मात्र वडिलांवर उसळली. "देवीला जुनी आणि माणसांना नवी? का म्हणून? अण्णा, आपल्या अक्षरांना उद्या नाही, हे ऑफिसात ऐकून घेतलं. घरात नाही ऐकणार."

"मग मी देवळात येत नाही. लग्नालाही नाही," काका म्हणाले.

"नका येऊ. मी ठेवते."

बोलून गेली खरी, पण शुक्रवारी देवळाच्या रांगेत ती पूजेच्या ताटातली पत्रिका पुन्हा पुन्हा सरळ करत होती. पुजाऱ्यानं आपल्याला परत पाठवलं तर? विठोजी मागे उभे होते. पुजाऱ्यानं ताट घेतलं, पत्रिका उचलली आणि वरची ओळ न अडखळता मोठ्यानं वाचली, 'श्री बनशंकरी प्रसन्न'. मग ती देवीच्या पायाशी ठेवून त्यानं कन्नडमधून विचारलं, अक्षरं छान आहेत, कोणाची?

विठोजी प्रेसचं नाव सांगायला लागले.

"माझी," चंदना म्हणाली. एवढ्या मोठ्यानं, की रांगेतल्या बायका वळल्या.

बाहेर येताच विठोजींचा फोन वाजला. काकाच होते. तिने तो काढूनच घेतला.

"काका, पत्रिका देवीनं ठेवून घेतली. आता तुमची पत्रिका घेऊन येतेय, अक्षतांसकट. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही बघा."