नाव बदललं तर

भाटघर धरणाच्या कडेच्या वस्तीत कुणाकडे कार्यक्रम निघाला, की मंडपवाल्याच्या आधी दीपमालाला निरोप जायचा. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा मजकूर, लग्नपत्रिकेतल्या दोन ओळी, जयंतीचं भाषण, कुणी गेलं तर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वाचायची श्रद्धांजली, सगळं तिच्याकडे. बारावीत असल्यापासून हे काम तिच्या गळ्यात पडलं होतं आणि ते तिला आवडतही होतं. एकदा भोंगवलीच्या एका पाहुण्याचा फोन आला, 'आमच्याकडं बी एक लिहून द्या.' तिच्या वडिलांनी ही गोष्ट निम्म्या वस्तीला सांगितली होती.

तिची पद्धत ठरलेली होती. मोबाईलमध्ये प्रत्येक प्रसंगाचा मजकूर तयार असे. श्रद्धांजली असेल तर 'कालकथित' या शब्दापुढे नवं नाव घालायचं. बाई असेल तर मायेची सावली, पुरुष असेल तर वस्तीचा आधारवड. कष्टाळू, मनमिळाऊ आणि सर्वांना सोबत घेऊन चालणारं व्यक्तिमत्त्व हे दोघांनाही चालायचं. ऐकणारे डोळे पुसायचे. कुणाची कधी तक्रार आली नाही.

भोरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला लेखनाचा पेपर आला, तेव्हा ही पोरगी निर्धास्त होती. शिकवायला प्रेरणा मॅडम होत्या. मूळच्या वेल्ह्याकडच्या, नव्यानेच लागलेल्या. त्यांनी 'माझ्या परिचयातील एक व्यक्ती' असा विषय दिला. दीपमालाने शेजारच्या लीलाबाईंवर लिहायचं ठरवलं आणि मोबाईल उघडून अर्ध्या तासात काम उरकलं. लीलाबाई हयात होत्या, म्हणून 'कालकथित' तेवढं काढून टाकलं.

पुढच्या तासाला मॅडमनी तो निबंध वर्गात वाचला. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "भाषा सफाईदार आहे. आता एक करू. लीलाबाईंच्या जागी दुसरं नाव घालू. सांगा कुणीतरी."

मागच्या बाकावरून कुमार म्हणाला, "सगुणाबाई."

मॅडमनी तोच मजकूर सगुणाबाईंच्या नावाने वाचला. मायेची सावली, कष्टाळू, मनमिळाऊ. कुठेच अडलं नाही.

"मॅडम, ही तर आमची आत्याच," कुमार म्हणाला. "पण ती मनमिळाऊ न्हाई, तेवढं काढा."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या, पण वही परत देताना दीपमालाला हळूच म्हणाल्या, "नाव बदललं तर काहीतरी मोडलं पाहिजे गं. पुन्हा लिही. घाई नाही, पण लिही."

एसटीत बसल्यावर उत्रोलीपर्यंत तिला बाहेर पाहवलं नाही. मग पाहिलं, तर रस्त्याकडेच्या फ्लेक्सवर तिचेच शब्द. 'कार्यसम्राट', 'युवकांचे प्रेरणास्थान'. यातले किती आपण लिहिले आणि किती दुसऱ्या कुणी, हे तिचं तिलाच सांगता येईना. घरी येऊन ती लिहायला बसली. 'लीलाबाई या' एवढं लिहून थांबली. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. आई म्हणाली, "लग्नपत्रिका तर चहा उकळंस्तवर लिवतीस, आन आज काय झालं?"

शेवटी ती लीलाबाईंकडेच गेली. मार्च लागला होता, धरणाचं पाणी खाली गेलं होतं. पाणी उतरलं की धरणाच्या पोटातली गाळाची जमीन उघडी पडते. ती सरकारकडून वर्षापुरती कसायला मिळते. तिथे काकडी होते, चाऱ्याचा मका होतो. पण बांधाच्या खुणा दरवर्षी गाळात बुजतात, म्हणून दरवर्षी नव्याने मापं घालावी लागतात. लीलाबाईंकडे त्यासाठी गाठी मारलेली एक दोरी होती. काठावरच्या काळ्या खडकापासून दोरी ताणायची, ठरल्या गाठीशी खुंटी ठोकायची. पलीकडची जमीन मानसिंगची. तो दरवर्षी हजर असे आणि दरवर्षी भांडण होई.

त्या दिवशीही लीलाबाई खडकाजवळ दोरीचं टोक धरून उभ्या होत्या.

"गाठ सरकलीय, लीलाबाई," मानसिंग खालून ओरडला.

"गाठ न्हाई सरकली. तुमची नजर सरकलीय, मानसिंगराव."

दीपमाला शेजारी जाऊन उभी राहिली. "आजी, मला तुमच्यावर लिहायचंय. कॉलेजात."

"माज्यावर?" लीलाबाईंनी दोरीवरची नजर हलवली नाही. "म्या काय केलंय? मेल्यावर लिव की. तवा लिवतीसच."

आठवडाभरातच लीलाबाई गेल्या. सकाळी चुलीपुढे बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी ठरला. त्यांचा नातू प्रशिक दीपमालाकडे आला. "श्रद्धांजली तूच वाच. फाईलमधली काढ अन् नाव घाल. दमू नको."

"तसं नको. मी नवीन लिहिते."

"नवीन कशाला? जुनी चांगली आहे की. ती ऐकून लोक रडतात."

तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती. नाना, म्हणजे लीलाबाईंचे यजमान, मंडपात पहिल्या रांगेत बसणार. त्यांच्यापुढे त्यांच्याच बायकोच्या नावाने सगुणाबाई वाचायची? नानांना आपली बायको त्या कागदात भेटली पाहिजे. नाही भेटली, तर आजवर लिहिलेलं सगळं नुसतं नाव घालण्याचं काम होतं, हे कायमचं ठरेल. मग कुठल्या तोंडाने लिहायचं?

त्या दिवसांत तिला जेवण गोड लागलं नाही. ती ओट्यावर लिही, उठे, माडीवर जाई, तिथेही बसवेना. दोरी लिहिली, खडक लिहिला, मानसिंगशी भांडण लिहिलं. वाचून पाहिलं, तर फार साधं वाटलं. मंडपात शंभर माणसांपुढे वाचायचं, तर काहीतरी उठून दिसलं पाहिजे. तिने एक वाक्य घातलं, 'गुडघाभर गाळात लीलाबाई सर्वांच्या आधी उतरायच्या, आणि नाना खडकाजवळ टोक धरून उभे राहायचे.' हे वाक्य तिला फार आवडलं. इथे दुसऱ्या कुणाचंही नाव घातलं तर मोडेल, असं तिला वाटलं.

रविवारी मंडप भरला. प्रतिमांना हार घातले गेले, वंदना झाली, पंचशील झालं. मग बौद्धाचार्यांनी दीपमालाचं नाव पुकारलं. माईकपुढे उभी राहून तिने कागद उघडला. तिने सुरुवात केली. मायेची सावली नाही, काही नाही, थेट दोरीच. लोक चुळबुळले. मानसिंगच्या नजरेचं वाक्य आलं तसा मागून कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मग तिचं आवडतं वाक्य आलं.

"थांब," नाना म्हणाले.

लोकांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या.

"खडकाजवळ म्या कवाच न्हवतो. खडकाजवळ ती थांबायची. गाळात म्या उतरायचो. तिला गाळात पाय घालायचं भ्या वाटायचं."

"काहीतरीच, नाना," त्यांची लेक छाया मागून म्हणाली. "आय कुणाला भीत न्हवती."

"तू हुतीस का? लगीन झालं त्या साली तिची शेळी गाळात रुतून मेली. तवापासनं ती कधी खाली उतरली न्हाई. तू इचार मानसिंगला."

मानसिंग कार्यक्रमाला आला होता, कडेच्या खुर्चीत बसला होता. तो उभा राहिला. "व्हय, खरं हाय. वरनंच हुकूम सोडायच्या. म्हनून तर म्या म्हनायचो गाठ सरकली. खाली उतरून बगत न्हवत्या ना."

"आन सरकायची का?" नानांनी विचारलं.

मानसिंगने टोपी काढून पुन्हा घातली. "न्हाई सरकायची."

लोक मोकळेपणाने हसले. पण छायाला ते रुचलं नाही. आई भ्याड होती असं चार लोकांत कशाला, असं तिचं म्हणणं. दुसरी एक बाई म्हणाली, भीती होती म्हणूनच तर दोरी केली. तिसरीला शेळी नव्हे, करडू आठवत होतं. बौद्धाचार्यांनी दोनदा हात वर केला. दीपमाला माईकपुढे कागद धरून उभी होती, उरलेलं कुणी ऐकत नव्हतं. शेवटी तिने कागदाची घडी घातली आणि ती खाली उतरली.

जेवणाच्या पंगतीत प्रशिक वाढायला आला. "म्हटलं होतं ना, फाईलमधली वाच. आतापर्यंत कधी कुणी मधी बोललं होतं का?"

नव्हतं बोललं. इतक्या श्रद्धांजल्या तिने वाचल्या, पण एकीतही कुणाला काही चुकीचं सापडलं नव्हतं. सापडायला त्यात होतं काय? आणि आज सापडलं ते नेमकं तिने शोभेसाठी घातलेल्या वाक्यात. तिने स्वतः लीलाबाईंना खडकाजवळ उभं पाहिलं होतं, आणि तरी त्यांना गाळात उतरवलं होतं. हे आठवून तिला पानावर बसवेना.

निबंध सोमवारी देईन, असं तिने मॅडमना सांगितलं होतं. सकाळी पिशवी खांद्याला लावून ती एसटीसाठी निघाली. कागदात ते वाक्य खोडलेलं होतं, पण त्या जागी काय घालायचं ते ठरलं नव्हतं. नाना काळ्या खडकावर बसलेले दिसले. बाजूला दोरीचं वेटोळं होतं.

"दीपमाला, हिकडं ये. अजून एक चुकलंय तुजं."

"नाना, एसटी येईल."

"येऊ दे. गाठी किती हुत्या ते तू लिवलंच न्हाई. आन करडू न्हवतं, शेळीच हुती. लिवून घे, न्हायतर ती मंडपातली बाई म्हनंल तेच खरं व्हईल."

वरच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. दीपमाला एकदा रस्त्याकडे वळली, एकदा नानांकडे. मग खडकावर बसून तिने पिशवीतून पेन काढलं.

"शेळी कुठल्या बाजूला रुतली?" तिने विचारलं.

नानांनी हात लांब केला, मग थोडा डावीकडे नेला, मग पुन्हा मागे आणला. "थांब," ते म्हणाले, "नीट आठवू दे."

एसटी निघून गेली. दीपमाला पेन धरून थांबली.